जुनी फोर-बाय-फोर पिकअप: सगळं बदललं, तरी चढाला बसते

मोठे टायर घातले, टर्बोचा दाब वाढवला, मागे लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा पार्ट) टाकायचाही बेत आहे, पण ओल्या चढावर गाडी पूर्वी जिथे अडायची तिथेच आजही अडते. जुन्या फोर-बाय-फोर पिकअपबद्दल ही तक्रार माझ्याकडे सारखी येते, आणि बहुतेक वेळा दोष नव्या पार्टमध्ये नसतो. वीस-पंचवीस वर्षं राबलेल्या गाडीची मूळची ताकद आणि पकड हळूहळू गळून गेलेली असते. त्यावर नवा पार्ट चढवला की जुना दोष जास्तच बोंबलायला लागतो. म्हणून गाडीचं जे होतं ते आधी परत मिळवायचं, वाढवायचं नंतर. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावलाय. फुकटात होणारं आधी, गाडी खोलावी लागणारं शेवटी.

मी धरून चाललोय ती गाडी म्हणजे डिझेल इंजिन, पार्ट-टाइम फोर-बाय-फोर (म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा ट्रान्सफर केस, पण दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नाही) आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग). पेट्रोल गाडी असेल तर इंधनाचा भाग सोडून बाकी सगळं तसंच लागू होतं.

लक्षणं

आधी एक गोष्ट ठरवा: चढावर अडताना इंजिन दबतं, की चाक जागच्या जागी फिरतं? इंजिन दबत असेल तर ताकदीचा प्रश्न, चाक फिरत असेल तर पकडीचा. दोन्हीचे इलाज वेगळे आहेत, आणि अर्धा खर्च वाया जातो तो इथेच. चाक फिरणाऱ्या गाडीची ताकद वाढवली तर ते चाक आणखी जोरात फिरतं, एवढंच होतं.

ताकद कमी असल्याच्या खुणा:
- सपाट रस्त्यावर ठीक, पण चढाला एक गिअर खाली टाकावा लागतो
- पाय दाबला की काळा धूर, वेग मात्र वाढत नाही
- आरपीएम वर जातात, गाडी जात नाही (ही खूण क्लचची, इंजिनची नाही)
- सकाळी बरी चालते, तापली की मरगळते
- न्यूट्रलमध्ये सोडली तर लगेच थांबते

पकड कमी असल्याच्या खुणा:
- डॅशबोर्डवर फोर-बाय-फोरचा दिवा लागलेला, पण पुढची चाकं ढिम्म
- पुढचं एक आणि मागचं एक, तिरकी दोन चाकं फिरतात, उरलेली दोन उभी
- चढावर जोर दिला की मागचा एक्सल थडथड उड्या मारतो
- सुक्या रस्त्यावर फोर-बाय-फोरमध्ये सरळ जातानाही गाडी आखडते, लिव्हर परत निघत नाही

सुक्या डांबरावर फोर-बाय-फोर लावून पूर्ण स्टिअरिंग कापलं की गाडी आखडणारच, त्यात दोष काही नाही. पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसमधून एक्सलला ताकद नेणारा दांडा) एकमेकांना बांधलेले असतात आणि वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. सरळ जाताना आखडत असेल तर मात्र वाचत राहा.

टायर: हवा, वय, माप

सगळ्यात आधी हवा. रस्त्यासाठी भरलेली ३२–३५ पीएसआय हवा तशीच ठेवून चिखलात किंवा वाळूत उतरलात तर महागातला टायरही उपयोगाचा नाही. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो आणि रबर खड्याखाचांना धरून बसतं. रिकाम्या पिकअपला खडकाळ-मातीच्या वाटेवर २० ते २२, मऊ वाळूत १६ ते १८ पीएसआयपर्यंत उतरता येतं. १५ च्या खाली गेलात की वळताना टायर रिमवरून सुटायची भीती. हौदा भरलेला असेल तर एवढं खाली जाऊ नका, आणि डांबरावर परत यायच्या आत हवा भरा. कमी हवेत वेगाने पळवलेला टायर आतून तापून फुटतो. हवा भरायची सोय सोबत नसेल तर हवा काढूच नका.

मग वय. टायरच्या कडेला 'डीओटी' या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१६ असेल तर २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर उरलेली आणि टायर बारा वर्षांचा, अशी पिकअप मी नेहमी बघतो, कारण या गाड्या उभ्याच जास्त राहतात. नक्षीच्या ठोकळ्यात अंगठ्याचं नख रोवून बघा. चांगल्या रबरात नख किंचित बुडतं आणि खूण उमटून लगेच मिटते; वाळलेल्या रबरावर नख नुसतं सरकतं. असा टायर ओल्या दगडावर पकड देत नाही, लॉकर असला तरी नाही.

तिसरं माप, आणि यात लोक सगळ्यात जास्त फसतात. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. नव्या आणि झिजलेल्या टायरच्या नक्षीत ८ मिलिमीटरचा फरक असेल तर व्यासात तो १६ मिलिमीटर होतो, म्हणजे सव्वासातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या चाकात दोन टक्क्यांहून थोडा जास्त. फोर-बाय-फोरमध्ये दर शंभर मीटरला पुढच्या आणि मागच्या चाकांना दोन मीटरचा हिशोब कुठेतरी चुकता करावा लागतो. चिखलात चाक घसरून तो चुकता होतो. सुक्या रस्त्यावर घसरायला जागा नाही, मग तो ताण ट्रान्सफर केसमध्ये साठतो. सरळ जाताना आखडणारी गाडी म्हणजे निम्म्या वेळा पुढे नवे आणि मागे जुने टायर.

आता मोठ्या टायरचा हिशोब. मूळ टायर २३५/७५ आर १५, त्याचा व्यास साधारण ७३३ मिलिमीटर. त्याजागी ३१ इंची घातला तर ७८७. फरक सात टक्क्यांहून जास्त. म्हणजे चाकापाशी मिळणारा जोर तेवढ्याने कमी झाला. क्राऊन-पिनियन (एक्सलमधली गिअरची जोडी) ४.१ चा, म्हणजे शाफ्टच्या ४.१ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा असा असेल तर गाडीला तो आता ३.८२ चा असल्यासारखा वाटतो. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ८६ ने चाललेली असते. शिवाय टायर जड, तो फिरवायला आणि थांबवायला दोन्हीला जास्त ताकद लागते. 'मोठे टायर घातल्यापासून गाडी ओढत नाही' या तक्रारीत इंजिनचा काहीच दोष नसतो. मूळचा दम परत हवा तर क्राऊन-पिनियन ४.४ च्या आसपासचा लागेल, किंवा मग मूळ मापाचे पण चांगल्या नक्षीचे टायर. माझं मत विचाराल तर इंजिनला हात न लावलेल्या जुन्या पिकअपला मूळ मापापेक्षा एक पायरी मोठा टायर पुष्कळ झाला.

पाय दाबता तो पोचतो का?

हसू नका. एकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून, इंजिन बंद ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगा. तुम्ही बॉनेट उघडून डिझेल पंपावरच्या लिव्हरकडे बघा. लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकला पाहिजे. केबल ताणून, बुश झिजून, किंवा पेडलखाली जाड मॅट येऊन तो बोटभर आधीच थांबलेला असतो. दोन नट फिरवून केबल घट्ट केली की 'इंजिन कमजोर झालंय' ही तक्रार तिथेच मिटते. केबल इतकीही ताणू नका की पाय काढल्यावर लिव्हर आयडलच्या स्क्रूला टेकणार नाही.

फिल्टर आणि डिझेलची वाट

एअर फिल्टर काढून उजेडात धरा. उजेड पलीकडे दिसत नसेल तर बदला. फिल्टरच्या डब्यातून टर्बोकडे जाणारी नळी आतून पुसून बघा. फडक्याला धूळ लागली तर फिल्टर नीट बसत नाहीये, आणि ती धूळ इंजिन खातंय. उघडे, झाकण नसलेले 'जास्त हवेचे' फिल्टर धुळीच्या वाटेवरच्या पिकअपला मी बसवत नाही. बॉनेटखालची गरम हवा ओढून ताकद वाढायची तर कमीच होते.

डिझेल फिल्टर बदलायला वेळ लागत नाही, आणि कधी बदलला ते आठवत नसेल तर बदलायची वेळ झालेली आहे. फिल्टरखालचा पाण्याचा नळ सोडून बाटलीत थोडं डिझेल काढा. खाली पाण्याचा थर बसला तर टाकीही साफ करावी लागेल. सपाटीला बरी चालणारी आणि लांबच्या चढावर दम सोडणारी गाडी म्हणजे बहुतेक वेळा डिझेल पुरत नाही: तुंबलेला फिल्टर, टाकीतल्या सक्शन पाइपची भरलेली जाळी, नाहीतर लाइन हवा धरते. शेवटचं तपासायला फिल्टर ते पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा आणि इंजिन चालू करा. बुडबुडे सतत जात असतील तर मागे कुठेतरी नळी किंवा वॉशर हवा ओढतोय. अशा ठिकाणी डिझेल बाहेर गळतच नाही, म्हणून नुसतं बघून सापडत नाही.

एक इशारा इथेच. हे सगळं पंपाच्या अलीकडच्या, कमी दाबाच्या बाजूचं आहे. पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्या इंजिन चालू असताना सैल करू नका. जुन्या मेकॅनिकल पंपातही नोझलपाशी शंभर-दोनशे बार दाब असतो, कॉमन रेल गाडीत हजाराच्या वर. ती धार कातडीतून आत शिरते, आणि बाहेर नुसता टाचणीएवढा ठिपका दिसला तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो.

ब्रेक धरून राहिलेत का?

दहा-पंधरा मिनिटं चालवा, शेवटचा तुकडा ब्रेक शक्यतो न लावता गाडी आपोआप थांबू द्या, आणि उतरून चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या. लगेच टेकवू नका, आधी जवळ नेऊन धग बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. पिकअपमध्ये सहसा मागचा ड्रम, आणि कारण गंजलेली हँडब्रेक केबल. हा दोष इंजिनची ताकद खातो, लायनर जाळतो आणि व्हील बेअरिंगचं ग्रीसही वितळवतो. केबल साफ करून मोकळी करणं घरी जमतं. व्हील सिलिंडर किंवा कॅलिपर अडकलेला असेल तर ब्रेकचं काम रोज करणाऱ्याकडे द्या.

बॉनेट उघडंच आहे तर थंड, बंद इंजिनचा पंखा हाताने फिरवून बघा. व्हिस्कस पंख्याला (इंजिन तापेल तसा गुंतणाऱ्या) थोडा विरोध हवा. दगडासारखा घट्ट असेल तर तो कायम गुंतलेला राहून ताकद खातो आणि विमानासारखा आवाज करतो. अगदी मोकळा गरगर फिरला तर चढावर इंजिन तापणार.

फोर-बाय-फोर खरंच लागतंय का?

डॅशबोर्डवरचा दिवा सांगतो ते फक्त ट्रान्सफर केसमधला फोर्क सरकल्याचं. हबपर्यंत (पुढचं चाक शाफ्टला जोडणारा-सोडणारा भाग) ताकद पोचली की नाही हे त्याला माहीतच नसतं. 'फोर-बाय-फोर लावूनही चढत नाही' म्हणणाऱ्या कितीतरी गाड्या प्रत्यक्षात मागच्या दोन चाकांवरच झगडत असतात.

तपासणी अशी. सपाट, कडक जमीन. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. हब लॉक, ट्रान्सफर केस फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद), गाडी पहिल्या गिअरमध्ये, इंजिन बंद. पुढचं एकच चाक जॅकने उचला, खाली स्टँड लावा आणि चाक हाताने फिरवायचा प्रयत्न करा. थोडं पुढे-मागे हललं, मग टक्कन अडलं, तर सगळी साखळी जोडलेली आहे. मोकळं फिरलं तर कुठेतरी तुटलंय. मग चाकामागचा शाफ्ट बघा. चाक फिरतंय आणि शाफ्ट स्थिर, तर हब लागत नाही. शाफ्टही फिरतोय आणि पुढचा प्रोपेलर शाफ्टही, तर ट्रान्सफर केस लागत नाही. शाफ्ट फिरतोय पण प्रोपेलर शाफ्ट स्थिर, तर समोरच्या बाजूचा हब लागलेला नाही, नाहीतर दोष डिफरन्शियलच्या आत, किंवा ज्या गाड्यांत एक बाजूचा एक्सल वेगळा होण्याची सोय असते त्यांच्यात त्या जोडणीत. दुसऱ्या बाजूचं चाकही असंच तपासा.

हब हाताने फिरवायचे असतील तर उघडून, जुनं वाळलेलं ग्रीस डिझेलने धुऊन, हलकं ग्रीस लावा. आत ग्रीस ठासून भरलं की थंडीत दात सरकत नाहीत. व्हॅक्यूमवर चालणारे हब किंवा एक्सल असेल तर इंजिनपासून चाकापर्यंतची रबरी नळी बोटांनी चाचपत जा. वळणांवर आणि जोडांपाशी ती वाळून फुटते. बऱ्याच डिझेल गाड्यांत हाच व्हॅक्यूम ब्रेक बूस्टरलाही जातो. त्यामुळे फोर-बाय-फोर लागत नाही आणि ब्रेकचं पेडलही कडक झालंय, अशी जोडी दिसली तर आधी व्हॅक्यूम पंप आणि नळ्या बघा, आणि ते दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

ऑटोमॅटिक हब पुढे-मागे दिशा बदलताना क्षणभर सुटतात. रुतलेली गाडी झुलवून काढताना नेमकं तेच नको असतं. त्याजागी साधे हाताचे हब बसवणं हा जुन्या पिकअपवरचा माझा आवडता अपग्रेड आहे. अमेरिकेतल्या आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या जीपसाठी असे हब बनवायला सुरुवात केली ती रस्त्यावर पुढचा एक्सल उगाच फिरू नये म्हणून. आज ते आपण उलट्या कारणासाठी घालतो: लागलं की लागलंच.

इंटरकूलरची नळी आणि टर्बो

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. टर्बो असलेल्या गाडीत फिल्टर चांगला असूनही काळा धूर येत असेल तर टर्बोपुढची हवा कुठेतरी निसटतेय. इंटरकूलरची (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) रबरी नळी वरून चांगलीच दिसते. ती सोडवून खालच्या बाजूने, जिथे नजर जात नाही तिथे, दोन्ही अंगठ्यांनी वाकवा. फाट असेल तर तेव्हाच उघडते, कारण तिला दाब लागतो; उभ्या गाडीत ती मिटलेली असते. क्लिपजवळ तेलकट काळा डाग ही दुसरी खूण. नळीची फाट चिकटपट्टीने टिकत नाही, नळी बदला.

नळ्या ठीक असतील तर इनटेक मॅनिफोल्डला गेज जोडून चढावर बघा. जुन्या टर्बो डिझेलमध्ये पूर्ण जोरावर साधारण अर्धा ते एक बार अपेक्षित असतो, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये. कमी असेल तर वेस्टगेटचा (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) दांडा अडकलाय का ते बघा. टर्बोचा शाफ्ट वर-खाली हलून पंख घराला घासत असतील, तर तिथेच थांबा आणि टर्बोवाल्याला द्या. तुटलेला पंख इंजिनात गेला की विषय टर्बोपुरता राहत नाही.

इथेच 'डिझेल वाढवून देतो' म्हणणारे भेटतात. पंपावरचा स्क्रू पाव फेरा फिरवला की गाडी खरंच ओढायला लागते. पण हवा तेवढीच राहिली तर जादा डिझेल धूर आणि उष्णता होऊन जातं. लांब चढावर टर्बोआधीच्या धुराचं तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या वर टिकून राहू देऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच ६६० अंशांना वितळतं. पिस्टनला खालून तेलाचा गारवा मिळतो म्हणून तो तग धरतो, पण मर्यादेपलीकडे नाही. तापमानाचा गेज नसलेल्या गाडीत डिझेल वाढवू नका, आणि वाढवायचंच असेल तर पंप काढून कॅलिब्रेशनच्या बेंचवर न्या.

क्लच, पाटे, शॉक

मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ४०–५० च्या वेगाने, किंचित चढाला, पाय एकदम तळाला दाबा. आरपीएम झटकन वर आणि वेग तिथेच, तर क्लच सरकतोय. एक-दोनदा बघून थांबा, हीच चाचणी क्लच जाळते. मोठे टायर आणि वाढलेला टर्बोचा दाब, दोन्हीचा भार आधी क्लचवर येतो. आधीच झिजलेला क्लच ताकद वाढवल्यावर महिनाभरात जातो, आणि दोष मात्र ट्यूनिंगवर ढकलला जातो.

मागचा एक्सल थडथडतो तो पाटे पिळवटल्यामुळे. जोर दिला की एक्सल वर वळतो, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, चाक सुटून परत आपटतं. यू-बोल्ट सैल आहेत का, मधला सेंटर बोल्ट तुटून एक्सल मागे सरकलाय का, मुख्य पाट्याला तडा आहे का, आणि शॉकमधून तेल गळतंय का, हे खाली वाकून बघण्यासारखं आहे. गाडी उंच करायला पाट्याखाली ठोकळे घातले असतील तर पिळवटणं वाढतं. पिकअपचा हौदा रिकामा असताना मागच्या एक्सलवर वजनच नसतं, हेही लक्षात ठेवा. मागच्या एक्सलच्या किंचित पुढे वजन घट्ट बांधून एकदा तोच चढ चढून बघा. चढली, तर लॉकरचा खर्च पुढे ढकलता येतो.

डिफरन्शियल

साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि तो किती ते सगळ्यात कमी पकड असलेलं चाक ठरवतं. एक चाक हवेत गेलं की दुसऱ्यालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. म्हणून ती तिरकी दोन चाकं फिरतात. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

तुमच्या गाडीत मुळात लिमिटेड स्लिप (एका चाकाला एकटंच मोकळं फिरू न देणारं डिफरन्शियल) असेल तर ते जिवंत आहे का बघा. पुढच्या चाकांना ठोकळे, ट्रान्सफर केस टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद), गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा, मागचं एक चाक स्टँडवर. उचललेलं चाक हाताने फिरवा. दोन बोटांनी फिरलं तर आतल्या प्लेट संपल्यात. चांगल्या स्थितीत दोन्ही हातांनी जोर लावूनही कष्टाने हलतं. वळताना मागून कुरकुर किंवा टकटक येत असेल तर आधी योग्य तेल टाकून बघा. या डिफरन्शियलला हायपॉइड गिअरचं जीएल-५ तेल आणि त्यात लिमिटेड स्लिपचं अ‍ॅडिटिव्ह लागतं. तेच जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतू नका. बऱ्याच जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगना त्यातलं गंधक-फॉस्फरस मानवत नाही, तिथे मॅन्युअल जीएल-४ सांगतं.

अशी एक चाक वर असलेली गाडी कधीही इंजिन चालू करून गिअरमध्ये टाकू नका. लिमिटेड स्लिप किंवा लॉकर असेल तर जमिनीवरचं चाक गाडीला स्टँडवरून ढकलून देईल.

जुनी गाडी घेतली असेल तर पुढचं आणि मागचं प्रमाण सारखं आहे का तेही मोजा. कुणीतरी एक डिफरन्शियल भंगारातून बदललेलं असतं. एक चाक वर, दुसरं जमिनीवर, सगळं न्यूट्रल. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा. चाक २० वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. ४१ आले तर ४.१, ४३ आले तर ४.३. (पुढे मोजताना हब लॉक आणि ट्रान्सफर केस टू-एचमध्ये.) एक ४.१ आणि दुसरं ४.३ निघालं तर फोर-बाय-फोर अजिबात लावू नका, जवळपास पाच टक्क्यांचा फरक ट्रान्सफर केसची साखळी खातो.

इथे थांबा

डिफरन्शियलचं तेल दुधाळ निघालं, ट्रान्सफर केस जोरात असताना कटकट करून दात सोडतोय, इंजिन गरम असतानाही निळा किंवा पांढरा धूर थांबत नाही, तेलाच्या झाकणातून भपके येतात: यातलं काहीही असेल तर अपग्रेडचे पैसे बाजूला ठेवा आणि मेकॅनिककडून कॉम्प्रेशन आणि त्या त्या भागाची तपासणी करून घ्या. थकलेल्या इंजिनाला टर्बोचा दाब वाढवून देणं म्हणजे त्याचा शेवट जवळ आणणं.

क्राऊन-पिनियन बदलणं आणि लॉकर बसवणं हे घरी करायचं काम नाही. दातांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शात जुळवावी लागते, बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाचा ताण) मोजावा लागतो, दातांवर रंग लावून ठसा बघावा लागतो. डायल गेज नसलेल्या माणसाने 'अंदाजाने बसवतो' म्हटलं तर गाडी घेऊन परत या. हे काम करायचंच असेल तर क्राऊन-पिनियनचं प्रमाण आणि लॉकर एकाच वेळी करून घ्या, कारण दोन्हीसाठी उघडावं लागतं तेच हाउसिंग. गाडीच्या रचनेतले असे बदल नोंदणीत आणि विम्यात चालतात का, हे आधी विचारून ठेवा.

सगळं मूळ स्थितीत आल्यावर माझा क्रम असा: चांगले टायर आणि हवा भरायचा पंप, हाताचे हब, पाट्यांची दुरुस्ती, मग टायरला साजेसं क्राऊन-पिनियन आणि मागे लॉकर. इंजिनची ताकद सगळ्यात शेवटी. बऱ्याच जणांना तिथपर्यंत जायची गरजच पडत नाही.

नवं क्राऊन-पिनियन बसवल्यावर पहिले पाच-सातशे किलोमीटर हौदा रिकामा ठेवा आणि लांब दौड न करता मध्ये मध्ये थांबून एक्सल निवू द्या. मग तेल बदला. तेल काढताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर मऊ करडा लेप दिसला तर ठीक आहे. बोटाला टोचणारी कपची लागली तर नवं तेल ओतू नका, गाडी उचलून ज्याने सेटिंग केलं त्याच्याचकडे न्या.